वर्षाला ५००० किलोमीटर: साधी हायब्रिड, मराठवाड्याचे रस्ते आणि तिन्ही ऋतूंचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्याला वर्षाला ५००० किलोमीटर झेपतात. पण ते बारा महिन्यांत सारखे वाटायला गेलात तर मे महिन्यात गणित मोडतं. हा अनुभव ७००×३२ (३२ मिलिमीटर रुंद) टायरच्या, ८ स्पीडच्या हायब्रिडवरचा (रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल) आहे आणि बहुतेक चालवणं छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचं. रोड बाईकवाल्यांनी हवेचे आकडे आपापले लावून घ्यावेत. ऊन, काटे आणि उसाच्या ट्रॉल्या सगळ्यांना सारख्याच.

५००० ला १२ ने भागलं की महिन्याला ४१७ येतात. जानेवारीत हे फार कमी, आणि पारा बेचाळीसवर असताना फार जास्त. त्यामुळे वाटणी अशी धरली: नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला ६००, मार्च आणि ऑक्टोबर ४५०, एप्रिल आणि जून ३००, मे २००, जुलै ते सप्टेंबर दरमहा ३००. बेरीज बरोबर ५००० होते. हिवाळ्यातले ६०० म्हणजे आठवड्यात चार दिवस वीस-वीस आणि रविवारी साठ. मेमधले २०० म्हणजे आठवड्याला पंधराच्या तीन फेऱ्या, त्याही सकाळी साडेसातच्या आत घरी.

गंमत अशी की किलोमीटर मोजणारं मोबाईल ॲप वर्षाच्या उद्दिष्टाची सरळ रेष आखतं. वरच्या वाटणीने मार्चअखेर १६५० होतात आणि रेषेवर हवेत १२५०, म्हणजे तुम्ही ४०० ने पुढे. जूनअखेर २४५०, जवळपास बरोबरीत. सप्टेंबरअखेर ३३५०, आणि रेष म्हणते ३७५०. मार्चमध्ये अंगावर मूठभर मांस चढतं आणि सप्टेंबरात सायकल भिंतीला लागते, ती याच रेषेमुळे. दोन्ही वेळा गाडी रुळावरच असते. वहीच्या मागच्या पानावर स्वतःची महिनावार बेरीज लिहून ठेवा आणि ॲपच्या रेषेकडे दुर्लक्ष करा.

मोजणीचंही तसंच. मोबाईलची बॅटरी सेव्हर सेटिंग चालू राहिली की मधेच जीपीएस झोपतं आणि वळणाचा रस्ता सरळ रेषेत मोजला जातो. घाटात हा फटका चांगलाच बसतो. चाकाला सेन्सर लावून मोजणाऱ्या मीटरमध्ये चाकाचा घेर बरोबर टाकावा लागतो: ७००×२८ ला साधारण २१३६ मिलिमीटर, ७००×३२ ला २१५५. अठ्ठावीसच्या टायरवर बत्तीसचा आकडा राहिला तर वर्षाला ४०-४५ किलोमीटर फुकटचे जमा होतात. सगळ्यात खात्रीचं म्हणजे व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खूण करायची, सायकलवर बसून चाकाचा एक फेरा पुढे न्यायचा, परत खूण करायची आणि मधलं अंतर टेपने मोजायचं. बसूनच, कारण वजनाने टायर दबतं आणि घेर थोडा कमी होतो.

आता मराठवाड्यातला खरा विषय: काटे. वेडी बाभूळ रस्त्याच्या दोन्ही कडांना आहे आणि पावसाळा सरला की सराटे वाळून साईडपट्टीवर पसरतात. सराट्याचा काटा बारीक असतो, हवा हळूहळू जाते, रात्री उभी केलेली सायकल सकाळी बसलेली दिसते. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसून बाहेरच्या अंगाला रबराच्या पातळीत मोडतो. वरून काही दिसत नाही, आतून मात्र मिलिमीटरभर टोक वर राहतं. घाईत नवी ट्यूब टाकली की दोन किलोमीटरवर तीही बसते, आणि शिव्या ट्यूब कंपनीला.

यावर उपाय सवयीचा आहे. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी ठेवायचं. पंक्चर झाल्यावर ट्यूबला हवा भरून भोक शोधायचं आणि ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरवर दोन्ही बाजूंनी मोजायचं. काटा त्या दोन जागांपैकी एकीवर असतो. तिथे आतून जुनं सुती फडकं फिरवलं की धागा अडकतो. बोट फिरवू नका. काटा आतूनच चिमट्याने किंवा नखकटरने ओढायचा, बाहेरून उकरला तर तुकडा आत राहतो. भोक शेजारी-शेजारी दोन असतील आणि सापाच्या दातांसारखी दिसत असतील तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटलं, एवढाच त्याचा अर्थ.

सत्तर किलोच्या माणसाला बत्तीसच्या टायरमध्ये मागे ६५ आणि पुढे ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. आठवड्याला एकदा गेजवर बघा, अंगठ्याने दाबून कळत नाही. उन्हाळ्यात सायकल उन्हात उभी राहिली आणि आतली हवा २७ अंशांवरून ५७ वर गेली तर ६५ चे ७३ होतात. चांगलं टायर एवढ्याने फुटत नाही, पण साईडवॉल (टायरची बाजू) चिरलेली असेल तर तिथेच फुगा येतो.

व्हॉल्व्हबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड बसत नाही. पितळी ॲडॉप्टर काही रुपयांना मिळतो. तो सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), पॅच आणि सोल्यूशनच्या ट्यूबबरोबर ठेवा. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, म्हणून नेहमी न उघडलेली बाळगा. पॅच लावताना सोल्यूशन पाच मिनिटं सुकू द्यायचं, ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हाळ्यात सुटतो.

चेन हा दुसरा खर्च. काळ्या मातीची धूळ आणि तेल मिळून घासकागद तयार होतो. दुकानात चेनवर इंजिन ऑईल ओतून देतात, ते आपल्याकडे तरी घेऊ नका. डब्ल्यूडी-४० पुसायला ठीक, वंगण म्हणून नाही. कोरड्या दिवसांत ड्राय ल्यूब (कोरड्या हवेसाठीचं चेनचं वंगण) दर १५०-२०० किलोमीटरला, प्रत्येक कडीच्या रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, आदल्या रात्री लावून सकाळी कोरडं पुसून. झीज टेपने मोजता येते: २४ कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर असते. ती ३०७ झाली की चेन बदला. पुढे ओढली तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांचे, दात चेनच्या मापाने झिजतात आणि नवी चेन टाकली तरी चढावर घसरते, मग दोन्ही बदलावे लागतात. धुळीत साधारण अडीच ते चार हजार किलोमीटर चालते, म्हणजे ५००० च्या वर्षात एक चेन नक्की आणि बहुधा मागचं टायरही.

पावसाळा पुणे-कोकणासारखा नाही. खंड पडतो, आठ-आठ दिवस रस्ता कोरडा असतो, त्यामुळे महिन्याला ३०० सहज निघतात. त्रास पावसाचा कमी, शेतातून डांबरावर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी सोडलेल्या मातीचा जास्त. ओली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि चाक जाम होतं. कच्च्या रस्त्यावर जायचं असेल तर मडगार्ड घरी ठेवा. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये खडे रुततात. ते टाचणीने काढले नाहीत तर रिमवर चरे पडतात.

ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. काडी गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरच्या चाकात गुंडाळली जाते, जोर लावला तर तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर वाकतो. चालत ओलांडा, शेतकऱ्याचाही माल वाचतो. कारखाने सुरू झाले की पहाटेचा धोका उसाच्या ट्रॉल्यांचा. एका ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या असतात, बऱ्याचदा रिफ्लेक्टर नसतात आणि वाढे बाजूला लोंबत असतात. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणून मागे लाल आणि पुढे किमान ३०० ल्युमेनचा दिवा हवाच. ट्रॉलीच्या आडोशाने वारा चुकवायचा मोह आवरा, वरून मोळी घसरते.

पाण्याचं थोडक्यात: उन्हाळ्यात तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकू नका. निघायच्या आधी एक धपाटं किंवा केळी, वाटेत गूळ-शेंगदाणे. जेलच्या पुड्यांची या अंतराला गरज नाही.

रस्ते. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ जाऊन-येऊन साठ होतात आणि मधे घाट मिळतो. किल्ल्याच्या दिल्ली दरवाजात रविवारी आठनंतर कोंडी होते. मंगळवारी वेरूळची लेणी बंद, त्यामुळे तो रस्ता मोकळा. श्रावणात शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत जाणारे शुक्रवार रात्रीपासूनच रस्त्यावर असतात, त्या दिवशी दुसरीकडे जा. पैठण म्हणजे सपाट शंभरी, पण वारा ओळखा: पावसाळ्यात नैऋत्येचा, जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. हिवाळ्यात बहुधा उलट, जाताना पंख फुटतात आणि परतीत दम निघतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीलाच बंदी आहे, तिथे सायकलचा विचारच नको.

आणि इथेच या उद्दिष्टाचा मोठा दोष आहे. पैठणचे शंभर आणि म्हैसमाळच्या फेरीचे ऐंशी यात आकड्याला पैठणच जड दिसतं, पायाला मात्र म्हैसमाळ. किलोमीटरच्या नादात लोक घाट टाळतात, सपाटीवर जड गिअर रेटतात आणि डिसेंबरात उरलेले पाचशे आठवडाभरात काढायला जातात. मग गुडघा धरतो. पुढून दुखत असेल तर आधी सीट खाली आहे का ते पाहा, मागून दुखत असेल तर वर. पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवून पाय सरळ झाला पाहिजे. कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ८० च्या आसपास ठेवा आणि महिन्यातून एक घाट वेगळा लिहा, त्याचे किलोमीटर कितीही असोत. घरातल्या ट्रेनरवरचे (सायकल अडकवून जागच्या जागी चालवायचा स्टँड) किलोमीटर यात धरू नयेत असं आमचं मत.

मेमध्ये चालवणं कमीच असतं, तेव्हा मोठी सर्व्हिस तिथे टाका: हबचे छर्रे धुऊन नवं ग्रीस, रिमचा आऊट (डगमग) काढणं, ब्रेक आणि गिअरच्या केबल. सायकल दुकानात चार दिवस राहिली तरी हिशोबात तीस किलोमीटरच पडतात.