गोडो इंजिन: झिप उघडा नि कामाला लागा

गेम बनवायला शिकायचंय पण इन्स्टॉलेशनमध्येच दम निघतो, अशा नवख्यांना मी डोळे झाकून गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअरच सांगेन. इन्स्टॉलर वगैरे नाहीच, झिप डाउनलोड करायची, एक्स्ट्रॅक्ट करायची, फाईलवर डबल क्लिक केलं की प्रोजेक्ट मॅनेजर समोर, ना अकाउंट ना लायसन्सची कटकट, २०१४ पासून ओपन सोर्स आहे आणि पूर्ण फुकट. लॅपटॉप जुना असेल तर नवीन प्रोजेक्ट करताना रेंडररमध्ये (म्हणजे गेमचं चित्र स्क्रीनवर काढणारा भाग) कम्पॅटिबिलिटी निवडा, हे कुणी आधी सांगतच नाही राव! आणि डॉटनेटवाली, म्हणजे सी-शार्प भाषेत कोड लिहायची झिप घेऊ नका, तिला वेगळा एसडीके (डेव्हलपमेंट टूल्सचा संच) लागतो, सुरुवातीला साधी जीडीस्क्रिप्टवालीच (गोडोची स्वतःची भाषा) बरी. फक्त अँड्रॉइड एक्सपोर्ट, म्हणजे गेम फोनवर चालेल असा बनवणं, अजून किचकट आहे, जेडीके (जावाची टूल्स), अँड्रॉइड एसडीके, एक्सपोर्ट टेम्प्लेट सगळं आपणच जुळवायचं, ते एका बटणात व्हायला पाहिजे.