हायकूचे अपडेट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हायकू ही बी कंपनीच्या बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या धर्तीवर स्वयंसेवकांनी घडवलेली ऑपरेटिंग सिस्टीम आहे. बी कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पाम या कंपनीकडे गेली, त्याच वर्षी ओपनबीओएस या नावाने हे काम सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. गेले काही महिने मी ती नियमितपणे वापरत आहे. या काळात डिसेंबर २०२२ च्या बीटा ४ या चाचणी आवृत्तीवरून सप्टेंबर २०२४ च्या बीटा ५ वर जाणे झाले आणि अधूनमधून येणारे छोटे अपडेटही घेतले. छंद म्हणून वापरायच्या सिस्टीमवर अपडेट घेताना मनात जी धाकधूक असते, ती इथे का उरली नाही, ते सविस्तर लिहावेसे वाटते.

हायकूमध्ये सिस्टीमचा बहुतेक भाग सुट्या फाइलींच्या रूपात डिस्कवर पसरलेला नसतो. कर्नल (सिस्टीमचा गाभा), ड्रायव्हर, लायब्ररी (प्रोग्रामांनी सामाईक वापरायचा कोड) हे सारे एचपीकेजी प्रकारच्या पॅकेजांत, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइलींत, बंद असते आणि पॅकेजएफएस ही फाइल सिस्टीम ती पॅकेजे न उलगडता, केवळ वाचता येतील अशा रीतीने जोडून दाखवते. त्यामुळे अपडेट म्हणजे जुन्या फाइलींवर नव्या फाइली लिहिणे नव्हे, तर जुने पॅकेज बाजूला काढून नवे त्याच्या जागी ठेवणे. बाजूला काढलेली पॅकेजे पॅकेजेस फोल्डरमधील अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह या उपफोल्डरात, तारीख आणि वेळ नावातच असलेल्या एका ‘स्टेट’मध्ये जमा होतात, आणि त्या क्षणी कोणकोणती पॅकेजे चालू होती याची यादीही तिथेच राहते.

या रचनेचे मोल एका अपडेटनंतर मला नीट कळले. माझ्या रोजच्या वापरातला एक प्रोग्राम, जो सिस्टीमचा भाग नव्हता, नव्या लायब्ररीबरोबर उघडेनासा झाला. संगणक पुन्हा सुरू करताना शिफ्ट दाबून धरली (संगणकात यूईएफआय हे फर्मवेअर असल्यास स्पेस दाबत राहावे लागते), बूट लोडरच्या, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत आधीची स्टेट निवडली आणि सिस्टीम अपडेटपूर्वी होती तशी समोर आली. हातातले काम पूर्ण करून मी सावकाश कारण शोधू शकलो. ही निवड त्या एका बूटपुरतीच असते; पुढच्या वेळी सिस्टीम आपसूक ताज्या स्टेटवर येते. मला हे योग्यच वाटते, कारण तात्पुरती माघार आणि कायमची माघार यांत फरक राहायलाच हवा.

छोट्या अपडेटसाठी सॉफ्टवेअर अपडेटर पुरेसा आहे. बीटा ४ वरून बीटा ५ वर जाताना मात्र आधी हायकू आणि हायकूपोर्ट्स या दोन्ही रिपॉझिटरींचे (पॅकेजे जिथून येतात त्या संग्रहांचे) पत्ते नव्या आवृत्तीचे करून घ्यावे लागतात. त्यानंतर मी टर्मिनलमध्ये पीकेजीमॅन या पॅकेजे सांभाळणाऱ्या प्रोग्रामची फुल-सिंक ही आज्ञा दिली. ती स्थापित पॅकेजे रिपॉझिटरीशी तंतोतंत जुळवते, म्हणजे गरज पडल्यास एखादे पॅकेज खालच्या आवृत्तीवर नेते किंवा काढूनही टाकते. म्हणून ती होकार मागण्यापूर्वी जी यादी दाखवते, ती शेवटपर्यंत वाचणे मी अत्यावश्यक मानतो.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. जुन्या स्टेट डिस्कवर साचत जातात आणि लहान पार्टिशनवर (डिस्कच्या विभागावर) ती जागा जाणवते, त्यामुळे नवी आवृत्ती काही दिवस नीट चालल्यावर सर्वांत जुन्या स्टेट मी पुसून टाकतो. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. स्टेट मागे नेली तरी होम फोल्डरमधील सेटिंग आणि आपल्या फाइली मागे जात नाहीत, आणि नव्या प्रोग्रामने बदललेले सेटिंग जुन्या प्रोग्रामला वाचता येईलच असे नाही. यासाठी आवृत्ती बदलण्याआधी होममधील कॉन्फिग फोल्डरची प्रत मी वेगळ्या पार्टिशनवर ठेवतो. ते पार्टिशनही बीएफएस या हायकूच्या फाइल सिस्टीमचेच असते, कारण फाइलींना जोडलेली जादा माहिती, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट इतर बऱ्याच फाइल सिस्टीमवर टिकत नाहीत.