सागवानी विठ्ठल: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

कोरीवकामाला मी नावं ठेवणार नाही. कमरेवरचे हात, मकरकुंडलं, गळ्यातला कौस्तुभ, सगळं पटाशीनं सुबक उतरलंय. साच्यातल्या रेझिनच्या मूर्तीला ही धार येत नाही. सव्वा फुटी मूर्तीचे साडेसहा हजार दिले, त्याचंही वाईट वाटत नाही. राग आहे तो तळाचा.

दिवाळीच्या प्रदर्शनातून घेतली. श्रावणात देवघर आवरताना विटेखाली पिवळसर भुकटी दिसली, पिठीसाखरेसारखी बारीक. पुसली, दुसऱ्या दिवशी परत तेवढीच. मूर्ती आडवी केली तर तळाला दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं, आणि तळ अख्खा कोरा! अंगभर चकचकीत पॉलिश आणि खाली एक हातसुद्धा नाही. लाकूड दमटपणा सगळ्यात जास्त ओढतं ते आडव्या कापातून, कारण तिथं त्याच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. लाकूड पोखरून अशी भुकटी पाडणारा भुंगेरा अंडीही त्याच नळ्यांत घालतो. उभ्या मूर्तीचा तळ म्हणजे नेमका तोच काप. दहा मिनिटांचं काम होतं हो!

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "ताई, तुमच्या घरात वाळवी असेल." वाळवी मातीच्या वाटा करत येते, अशी कोरडी भुकटी टाकत नाही, हे लिहून कळवलं. मग म्हणे बदलून देतो, पण जाण्यायेण्याचा कुरिअरखर्च तुमचा. नीट गुंडाळून पाठवायचे जे पैसे सांगितले, त्यात आमच्या सुतारकाकांची मजुरी भागून वर उरले असते. मी नाही म्हटलं.

तोवर माझी खात्री झाली होती की हा साग नाहीच, आंब्याच्या लाकडाला रंग दिलाय. ते मत काकांनी बदललं. त्यांनी तळ जरा खरवडला: आत सोनेरी तपकिरी लाकूड, सागाचा तो खास वास. भोकं होती ती फक्त एका कडेच्या फिकट पट्ट्यात. सागाच्या गाभ्यातच अशी द्रव्यं असतात की कीड सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात मात्र स्टार्च असतो आणि या अळ्या त्यावरच पोसतात. म्हणजे साग खरा, पण पांढरं न काढता कोरलेला, आणि वरच्या गडद पॉलिशमुळे ते दिसायची सोय नाही. फसवणुकीचा आरोप मी मागे घेते. हलगर्जीपणाचा नाही.

काकांनी सुईनं एकेका भोकात कीडनाशक सोडलं, कोऱ्या तळालाही पाजलं, मूर्ती काही दिवस प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली. वाळल्यावर भोकं मेणानं बुजवली आणि तळाला पॉलिशचे दोन हात दिले. खाली काळा कागद ठेवलाय, अजून तरी स्वच्छ आहे. अळी लाकडात वर्षभरही राहू शकते, म्हणून कागद पुढच्या पावसाळ्यापर्यंत हलवणार नाही.

देखभालीवरून घरात थोडा वाद झाला. सासूबाईंना एकादशीला अभिषेक हवा होता. मी पुरीचं उदाहरण दिलं. जगन्नाथाची मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाची. ज्येष्ठ पौर्णिमेला १०८ घड्यांचं स्नान झालं की देवाला ताप आला म्हणून पंधरा दिवस दर्शन बंद असतं आणि त्या काळात मूर्तीचं रंगकाम होतं. शिवाय काही वर्षांनी मूर्तीच नव्या घडवतात, १९९६ नंतर २०१५ मध्ये घडवल्या. आपल्याकडे ती व्यवस्था नाही. आता अभिषेक पितळी बाळकृष्णावर होतो आणि विठोबाला फुलानं नुसतं प्रोक्षण. ओलं गंध कपाळावर लावत नाही, निर्माल्य रात्री पायाशी ठेवत नाही. खोबरेल तेल चोळायचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण ते वाळत नाही, त्यावर धूळ आणि समईची काजळी चिकटून बसते. खाचांसाठी कोरडा मऊ ब्रश पुरतो.

कारागिराचा हात मला मनापासून आवडलाय, म्हणून रखुमाईही त्याच्याकडूनच करून घेतेय. फक्त पॉलिश न केलेली मागितली आहे. पांढरा पट्टा नाही हे काकांनी पाहिलं की पॉलिश इथंच करू, तळासकट.