बाळाच्या रक्ताची ॲप्ट टेस्ट: टेस्टला पाच स्टार, लॅबच्या काउंटरला दीड

लॅबचं नाव देत नाही, कारण तिथल्या टेक्निशियनबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि काउंटरचा गोंधळ कुठल्याही लॅबमध्ये होऊ शकतो. पण टेस्टबद्दल लिहायलाच हवं, बाळंतपणाआधी मी हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

नवजात बाळाच्या ओकारीत किंवा शीमध्ये लाल रक्त दिसलं की ते बाळाचं स्वतःचं आहे का आईचं, बाळाने गिळलेलं, एवढं एकच ही टेस्ट सांगते. आईचं रक्त बाळाच्या पोटात कसं जाणार असं वाटतं ना, तर डिलिव्हरीच्या वेळी बाळ ते गिळू शकतं, नाहीतर निपलला चिरा पडल्या असतील तर दुधाबरोबर जातं. आमच्या बाबतीत हेच, चिरांचं, झालं होतं.

आयडिया 1955 ची, ॲप्ट आणि डाउनी या दोघांची, आणि इतकी साधी आहे की मी तर फॅनच झाले. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात बहुतेक हिमोग्लोबिन एफ टाइपचं असतं, मोठ्यांच्या रक्तात ए टाइपचं. सँपल पाण्यात मिसळलं की तांबड्या पेशी फुटतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं गुलाबी पाणी काढून घेतात आणि त्यात एक टक्का सोडियम हायड्रॉक्साइड टाकतात. एफ त्याला दाद देत नाही, गुलाबीच राहतं, ए मात्र मोडतं आणि दोनेक मिनिटांत पाणी पिवळट तपकिरी होतं. टेक्निशियनने शेजारी मोठ्या माणसाच्या आणि नाळेच्या रक्ताच्या ट्यूब पण लावल्या होत्या, म्हणजे रंग अंदाजाने नाही तर तुलना करून वाचला, याला माझ्याकडून एक्स्ट्रा मार्क.

आता काउंटर. आधी तर त्यांनी एंट्री क्लाइहॉअर-बेटके टेस्टची केली, ती म्हणजे आईच्या रक्तात बाळाच्या पेशी किती आल्या ते बघायची, आमचा प्रश्न बरोब्बर उलटा! नवऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा दाखवली तेव्हा सुधारलं. मग म्हणे त्यापेक्षा ऑकल्ट ब्लड करून घ्या ना, अहो ती रक्त आहे की नाही ते सांगते, कुणाचं ते नाही, आणि रक्त आहे हे आम्हाला डोळ्यांनी दिसत होतंच की. वर "कसलीही शी चालेल" असं सांगितलं, आणि हे सगळ्यात वाईट, कारण सँपल ताजं आणि लालच लागतं. काळी डांबरासारखी शी असेल तर त्यात हिमोग्लोबिन आधीच बदललेलं असतं, त्यामुळे बाळाचं रक्त असूनही आईचं असल्यासारखा रिझल्ट येऊ शकतो. म्हणजे घरचे निर्धास्त आणि रक्तस्राव चालूच, किती डेंजर आहे हे.

फॉर्म पण अर्धवट. बाळाला रक्त चढवलंय का, आईला थॅलेसेमिया वगैरे आहे का, काहीच विचारत नाहीत. चढवलेलं रक्त मोठ्या माणसाचं असतं आणि थॅलेसेमियात आईचंच एफ वाढलेलं असू शकतं, दोन्हीकडे रिझल्ट फसतो. आणि रिपोर्टवर नुसतं "अडल्ट हिमोग्लोबिन" (म्हणजे रक्त आईचं) एवढे दोन शब्द, रात्री मोबाईलवर असा रिपोर्ट बघून बाळंतिणीने काय समजायचं?

आमच्या पेडिॲट्रिशियन बाईंनी मात्र नुसत्या त्या कागदावर भरवसा ठेवला नाही. रक्तस्राव टाळायला देतात ते व्हिटॅमिन केचं इंजेक्शन जन्मल्यावर दिलं होतं ना ते विचारलं, बाळाचं पोट फुगलंय का, पितंय का, गुदद्वाराला चीर आहे का सगळं बघितलं आणि मग दूध चालू ठेवायला सांगितलं, फक्त बाळ छातीला नीट लावायचं शिकवलं. आणि त्या म्हणाल्या तेही लिहून ठेवते: बाळ मलूल असेल, पोट टम्म असेल किंवा हिरवी ओकारी होत असेल तर या टेस्टची वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

हो, आणि लघवीच्या जागी डायपरवर विटकरी गुलाबी डाग दिसला तर पहिल्या दिवसांत ते बऱ्याचदा युरेटचे, म्हणजे लघवीतल्या क्षाराचे, बारीक स्फटिक असतात, रक्त नसतंच, तरी डॉक्टरांना दाखवून घ्या.

या टेस्टला होम कलेक्शन शक्यतो घेऊ नका, ताजं सँपल स्वच्छ डबीत घेऊन थेट लॅबमध्ये द्या, आणि डायपरमध्ये सुकलेलं असेल तर ते चालेल का हे काउंटरला नाही, टेक्निशियनला विचारा.