टाकी किती जुनी, हे आधी विचारणारं दुकान (४/५)

कुर्ल्यातलं हे मत्स्यालयाचं दुकान बाहेरून काहीच वाटत नाही. जिना अरुंद, पार्किंगचं तर नावच नको. पण खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर जाच. मालक विकण्याआधी प्रश्न विचारतो: टाकी किती जुनी? शेवाळ धरलंय का? तांब्याचं औषध घातलं होतं का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या एकाला त्याने माझ्यासमोर शंखवर्गातलं काहीही द्यायला नकार दिला. योग्यच केलं, त्यांना तांबं सोसत नाही.

मला हवा होता फक्त त्याच्या टाकीत मुरलेला दगड. खालून चपटं, लंबगोल काहीतरी चिकटलेलं. मी म्हटलं, लिम्पेट, म्हणजे खडकाला चिकटणारी समुद्री गोगलगाय. त्याने टॉर्च मारला, "ताई, पाठीवरच्या पट्ट्या मोजा." आठ! लिम्पेटला एकच टोपीसारखं कवच असतं; हा निघाला कायटन, शंखवर्गातलाच दुसरा प्राणी: एकावर एक चढलेल्या आठ पट्ट्या आणि भोवती मांसल कडा. ओढून काढायचा नाही, पायाला इजा होते. सुटलाच तर पैसा किड्यासारखी गुंडाळी करतो. म्हणून दगडासकट घेतला.

दिवसा पठ्ठ्या हलत नाही. दिवे मालवले की खरवडकाम सुरू. दातांवर मॅग्नेटाइटचं, म्हणजे लोहखनिजाचं आवरण. चिवट शेवाळही सुटतं. नव्या, स्वच्छ टाकीत मात्र उपाशी मरेल.

एक तारा कापला तो पिशवीसाठी. पातळ, एकेरी, लोकलमध्ये गळायला लागली. घरून झाकणाचा डबा न्या.