पहिलं पिस्तूल कुठलं: स्प्रिंगचं, सीओटूचं, एका दाबाचं की पॉइंट टू-टू?

२०२४च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ घेतलं. त्याच आठवड्यात मनू भाकरची दोन पदकं झाली होती. कांबळवाडी राधानगरी तालुक्यात, म्हणजे निपाणीकरांना शेजारचंच गाव. तेव्हापासून निपाणी, खानापूर, अगदी चिकोडीहूनसुद्धा माझ्याकडे एकच प्रश्न येतो: "काका, पोराला पिस्तूल घ्यायचंय. धक्का कमी असलेलं कुठलं, सांगा की ओ."

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणारा माणूस, नेमबाजी हौसेची. पण हौसेपायी चुकीची खरेदी भरपूर केली आहे, त्यामुळे सांगायला माझ्याकडे आहे.

आधी धक्क्याचा हिशोब करू. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, एवढं धरलं तरी चित्र दिसतं. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, सुटतो सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. पॉइंट टू-टूची, म्हणजे .२२ इंच नळीच्या दारूच्या पिस्तुलाची, नेहमीची गोळी २.६ ग्रॅमची आणि वेग तीनशेच्या वर. गुणाकार केला की धक्का सुमारे अकरापट निघतो. तरीही किलोभर वजनाच्या स्पोर्ट पिस्तुलात पॉइंट टू-टूचा धक्का बारा-तेरा वर्षांची पोरंही सहज झेलतात. त्यांना सहन होत नाही तो आवाज. एकदा आवाजाची धास्ती बसली की बोट ट्रिगरवर दाब द्यायच्या आधीच मनगट खाली पडतं आणि छेद घड्याळातल्या सहाच्या जागी, म्हणजे सरळ खाली, सातच्या रिंगणात. ही खोड महिनाभरात लागते, काढायला वर्ष जातं. म्हणून पहिलं वर्ष हवेवरच, एवढं माझं मत ठाम आहे. प्रश्न फक्त कुठल्या हवेवर, हा उरतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे स्प्रिंगचं. नळी बिजागरीवर खाली वाकवायची, स्प्रिंग दाबली जाते, ट्रिगर ओढला की आतला पिस्टन पुढे धावतो. यात धक्का दोनदा बसतो: पिस्टन सुटताना पिस्तूल मागे, तो पुढे जाऊन आदळताना पिस्तूल पुढे. आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं. ताकदीनं तो धक्का किरकोळ असला तरी वेळ वाईट. मुलानं बरोबर केलेलं असूनही छेद भलतीकडे जातो, आणि मग ते पोर बरोबर गोष्ट बदलायला लागतं. डबे पाडायला ठीक, शिकायला नाही.

सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या बाटलीवर चालणारं, नकली ग्लॉकछाप पिस्तूल मी स्वतः घेतलं होतं. दिसायला रुबाबदार, धक्का जवळजवळ नाहीच. डिसेंबरात सकाळी सातला गच्चीवर पहिले दहा छर्रे बरे गेले, पुढचे एकेक करत खाली खाली उतरत गेले. मी माझ्याच बोटाला दोष देत बसलो. खरं कारण थंडी: सीओटूचा दाब तापमानावर अवलंबून असतो, आणि भराभर मारलं की बारा ग्रॅमची ती बाटली स्वतःच आणखी गार पडते. बाटल्या संपल्या की पुण्याहून येणाऱ्याची वाट बघायची, हे वेगळंच. शिवाय त्याची मूठ खऱ्या पिस्तुलासारखी, म्हणजे दोन हातांची. स्पर्धेत पिस्तूल एका हातात असतं, दुसरा हात खिशात. खरं पिस्तूल हातात आल्यासारखं वाटायचं एवढीच त्याची कमाई.

माझी पसंती एका दाबाच्या हवेला. बाजूचा, खालचा किंवा वरचा लांब दांडा एकदा ओढून बंद केला की एका छर्र्यापुरती हवा आत भरते. रशियन बायकाल ४६-एम हे या जातीतलं नावाजलेलं. वजन सव्वा किलोच्या पुढे, नळी लांब, ट्रिगर जुळवून घेता येतो. वापरलेलं कुणाकडे मिळालं तर हातचं जाऊ देऊ नका. गॅमो कॉम्पॅक्ट त्याहून हलकं आणि साधं. दोन्हींत स्प्रिंग धावत नाही, त्यामुळे धक्का नावापुरता, आणि हवा दर वेळी तेवढीच, जून असो की डिसेंबर. तोटा एकच: दांडा ओढायला जोर लागतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलीचा हात चाळीस छर्र्यांनंतर भरून येतो. मग बापानं शेजारी उभं राहून दांडा ओढून द्यायचा. मला तर हा संथपणा आवडतो. दर छर्र्यामागे हात खाली, श्वास, दांडा, पुन्हा हात वर. साठ छर्र्यांना सव्वा तास मिळतो, घाई कुणाला आहे?

मॅच पिस्तूल, म्हणजे दोनशे बार दाबापर्यंत हवा भरलेली नळकांडी असलेलं स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी. यांच्यापुढे वरचं सगळं खेळणं. स्टायरच्या एलपी-१०मध्ये तर उरलासुरला धक्का खाऊन टाकणारं वजनही आत बसवलेलं आहे. पण किंमत लाखांत, आणि त्याहून मोठी अडचण हवा भरायची. रेंजवर मोठा सिलिंडर असतो. खानापुरात घरी बसून काय करणार? हातपंप मिळतो, पण जांबोटीच्या पावसात हातपंपानं भरलेली हवा म्हणजे अर्धं पाणी. ओलावा अडवणारा फिल्टर नसेल तर आत गंज. वापरलेलं घेताना नळकांड्यावर कोरलेली तारीख वाचा. त्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरलेलं असतं. स्वस्तात मिळालेलं पिस्तूल नवं नळकांडं घेताना महाग पडतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर नवशिक्याला नकोच. टोकियोला पात्रता फेरीच्या मध्येच मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि मोलाची मिनिटं गेली. तिच्याबरोबर तिथं दुरुस्ती करणारे होते, आपल्याबरोबर कोण?

ट्रिगरबद्दल एक गोष्ट दुकानातच करून बघा. एअर पिस्तुलाला नियमानं किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो. अर्धा किलो कुंद्याचा बॉक्स दोरीनं ट्रिगरला टांगला आणि पिस्तूल उचललं, तर खटका पडता कामा नये. आणि एक किलो टांगूनही पडत नसेल, तर तो ट्रिगर मुलासाठी जड आहे. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला मात्र १००० ग्रॅम हीच किमान मर्यादा.

मूठ हा विषय लोक शेवटी घेतात, खरं तर तो पहिला. लाकडी मूठ लहान-मध्यम-मोठी अशी येते, डाव्या-उजव्याची वेगळी. मोठ्या मुठीत लहान हात घातला की बोट ट्रिगरवर तिरकं बसतं आणि छेद सतत एका बाजूला. आपल्याकडे मात्र एक सोय आहे जी पुण्या-मुंबईत शोधावी लागते. बेळगावात फाउंड्र्या आहेत, आणि फाउंड्री म्हणजे पॅटर्नमेकर, ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारा. लाकूड अर्ध्या मिलिमीटरनं कसं उतरवायचं हे त्या माणसाच्या हातात असतं. माझी मूठ अशाच एकानं करून दिली: तळव्याखाली पोकळी होती तिथं लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली, माझा हात ओला करून त्यावर दाबला, वाळल्यावर कानस फिरवली. पिस्तूल तेच होतं, पण मनगटाची थरथर त्या दिवशी निम्म्यावर आली.

आता पॉइंट टू-टू. राही सरनोबत पंचवीस मीटरवर याच गोळीनं मारते, आणि ती कोल्हापूरची, त्यामुळे निपाणीतली पोरं हे नाव घेऊनच येतात. .१७७ इंचाचं, म्हणजे साडेचार मिलिमीटरचं, वीस ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो, आणि एकवीस वर्षांखालच्याला स्वतःच्या नावावर तो मिळत नाही. म्हणजे सुरुवात क्लबच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. परवाना झालाच तर त्यावर वैधतेचं क्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. फक्त कर्नाटक असेल तर कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला सरावाला जाताना तुम्ही गुन्हा करताय. निवडणूक आली की पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करायचा निरोप येऊ शकतो, तेव्हा सराव बंद. हवेच्या पिस्तुलाला यातलं काही नाही.

काही जण म्हणतात, सरकारी कारखान्याचं निडर रिव्हॉल्वर घेऊ, तेही पॉइंट टू-टूच. गोळी तीच, पण निडर अडीचशे ग्रॅमचं, स्पोर्ट पिस्तूल किलोभर. एवढ्याशा वजनात धक्का तळहाताला चांगलाच जाणवतो. निर्भीकचंही तसंच, ते .३२ आणि जेमतेम अर्धा किलो. ही खिशात ठेवायची हत्यारं, सरावाची नव्हेत.

निपाणीहून विचारायला आलेल्या एका पोरीच्या वडिलांना मी शेवटी सांगितलं ते असं: तीन महिने काही घेऊ नका. क्लबचं पिस्तूल, छर्रा न घालता, भिंतीवर कोरा कागद. पुढच्या साइटमागे नळीवर एक रुपयाचं नाणं आडवं ठेवायचं आणि खटका पाडायचा. नाणं पडलं नाही की एक धरायचा. पहिल्या दिवशी तिचे पन्नासात चार झाले. गेल्या आठवड्यात एकेचाळीस झाल्याचा फोन आला, आणि आता एका दाबाचं बघतोय म्हणाले.

घरी मारणार असाल तर मागे छर्रा अडवणारी लोखंडी पेटी हवीच, मध्ये दार नको, आणि झाल्यावर हात साबणानं धुवा, छर्रा शिशाचा असतो. पिस्तूल कुलपात. परवाना नसला तरी साडेचार मिलिमीटरच्या छर्र्याला डोळा फोडता येतो.

मूठ घासायची असेल तर रविवारी दहानंतर या. कानस माझ्याकडे आहे, लांबी तुम्ही आणा.