‘लेंड’च्या नोंदीवरून पारखलेला ऑक्सफर्डचा कोश

शब्दकोश घेण्यापूर्वी त्यात अवघड शब्द शोधण्यापेक्षा रोजच्या वापरातले एखादे क्रियापद उघडून पाहावे, असे माझे मत आहे. ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’च्या 2020 साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीतील ‘लेंड’ची नोंद मी याच दृष्टीने वाचली, आणि मराठी माध्यमातील विद्यार्थ्याच्या हाती हा कोश अवश्य द्यावा, अशी माझी खात्री झाली.

आपल्याकडे देणारा उसने देतो आणि घेणारा उसने घेतो; इंग्रजीत मात्र एकासाठी ‘लेंड’ आणि दुसऱ्यासाठी ‘बॉरो’ अशी स्वतंत्र क्रियापदे असल्यामुळे ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन?’ असे वाक्य वर्गात हमखास कानावर येते. नुसता अर्थ पाठ करून ही चूक जात नाही. हा कोश अर्थाबरोबर वाक्याचा साचाही दाखवतो: ‘लेंड’नंतर आधी व्यक्ती आणि मग वस्तू येते, किंवा आधी वस्तू येऊन पुढे ‘टू’ लावून व्यक्ती येते. क्रियापदांच्या अशा साच्यांना कोशात मानाचे स्थान मिळाले ते ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी तयार केलेला मूळ कोश 1942 साली तिथेच छापला गेला होता.

अर्थांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. परतीच्या बोलीने वस्तू देणे, मग बँकेने व्याजाने कर्ज देणे, आणि त्यानंतर एखाद्या प्रसंगाला विशिष्ट गुण प्राप्त करून देणे किंवा कुणाला पाठिंबा देणे. या शेवटच्या अर्थांत परतफेडीचा प्रश्नच नसतो, आणि नेमके तिथेच ‘लोन’ हे क्रियापद चालत नाही: अमेरिकेत पुस्तक किंवा पैसे ‘लोन’ करतात, पण मदतीचा हात द्यायचा तर ‘लेंड अ हँड’ असेच म्हणावे लागते. ‘लेंड इटसेल्फ टू’ हा प्रयोग तर शब्दशः भाषांतराने कळूच शकत नाही. एखादी कादंबरी नाट्यरूपांतराला मुळातच सोयीची असेल, तर तिच्याविषयी तो वापरतात.

भूतकाळी रूप ‘लेंट’ आहे, ‘लेंडेड’ नव्हे, हेही नोंदीत स्पष्ट दिसते. मूळ क्रियापदाला शेवटचा ‘ड’ नव्हता आणि तो ‘सेंड’, ‘बेंड’ यांच्या सहवासाने चिकटला, ही व्युत्पत्ती मला विशेष आवडली.

एकभाषिक कोशाला मराठी विद्यार्थ्याची अडचण ठाऊक असणे शक्य नाही, म्हणून शिक्षकांनी ‘बॉरो’ची नोंद याच बैठकीत वाचून घ्यावी. जाड ग्रंथ परवडत नसेल, तर ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर हीच नोंद ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारांसह विनामूल्य वाचता येते.